पटावरची फौज आणि सुरतेचे चार दिवस

1969 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने एका लढाईची तयारी केली. नेपोलियनच्या काळातलं एक जर्मन गाव, नाव ब्राउनस्टाइन. दोन बाजूंनी दोन फौजा त्यावर चालून येतायत. वेस्लीच्या मित्रमंडळींचा हा नेहमीचाच खेळ होता. शिशाचे छोटे सैनिक टेबलावर मांडायचे, मोजपट्टीने अंतरं मोजायची आणि फासे टाकून कोण पडलं, कोण उरलं ते ठरवायचं. या वेळी मात्र खेळायला माणसं बरीच जमणार होती आणि फौजा होत्या दोनच. उरलेल्यांना काय द्यायचं? वेस्लीने त्यांना गावातली माणसं करून टाकलं. कुणी नगराध्यक्ष झाला, कुणी बँकवाला, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. प्रत्येकाला आपापला स्वार्थ नेमून दिला. फौजा भिडण्याआधी घटकाभर गंमत व्हावी, इतकाच बेत होता.

फौजा भिडल्याच नाहीत. खेळाडू कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन कुजबुजू लागले, एकमेकांविरुद्ध कट करू लागले. दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलं. नियमांत द्वंद्व नव्हतंच, तेव्हा वेस्लीने तिथल्या तिथे काहीतरी ठरवून फासे टाकले आणि निकाल दिला. डाव पुरता फसला असं त्याला वाटलं. खेळाडू मात्र पुढचा डाव कधी म्हणून मागे लागले. त्या मंडळींत डेव्ह आर्नेसन होता. पाच वर्षांनी, 1974 च्या जानेवारीत, आर्नेसन आणि विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हाचा गॅरी गायगॅक्स या दोघांच्या नावावर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापून आला. आज जगभर लाखो लोक टेबलाभोवती बसून योद्धा, जादूगार, चोर अशी सोंगं घेऊन जो खेळ खेळतात, त्याचं मूळ एका न झालेल्या लढाईत आहे.

मराठी वाचकाला ब्राउनस्टाइन परकं वाटण्याचं कारण नाही. फौज चालून येते आहे, गावात नाना स्वार्थांची माणसं अडकली आहेत आणि मैदानी लढाई काही होत नाही, असं एक गाव त्याच्या चांगल्या ओळखीचं आहे. ते म्हणजे 1664 च्या जानेवारीतली सुरत.

सुरतेकडे जाण्याआधी थोडा हिशेब पाहू, कारण टेबलावर लढाई खेळणाऱ्याची पहिली अडचण हिशेबाचीच असते. हजारो माणसं लढतायत आणि टेबलाभोवती बसलेत पाचजण. सगळी फौज हलवायची म्हटलं तर रात्र संपते, आणि नाही हलवली तर लढाई कसली?

ही अडचण आपल्याकडे फार जुनी. महाभारताच्या हिशेबाने एका अक्षौहिणीत 21,870 रथ, तितकेच हत्ती, 65,610 घोडे आणि 1,09,350 पायदळ. कुरुक्षेत्रावर अशा अठरा अक्षौहिणी होत्या. नुसती बेरीज केली तरी आकडा 39 लाखांच्या वर जातो. आता एवढी फौज सांगायची कशी? महाभारतकाराने आकडा एकदा सांगून टाकला आणि लढाई माणसामाणसांतून सांगितली. भीष्मासमोर शिखंडी, द्रोणाच्या व्यूहात अभिमन्यू, जयद्रथासाठी सूर्यास्ताची मुदत. बाकीचं सैन्य आहे, पण ते धुरळ्यासारखं मागे. शिवाय सगळं पाहणारा आणि अंध राजाला सांगणारा एक संजय आहे. आजच्या खेळात त्याच्या खुर्चीत बसणाऱ्याला गेम मास्टर म्हणतात.

चतुरंगाने दुसरी वाट धरली. सातव्या शतकात बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त चतुरंगाचा उल्लेख येतो. हत्ती, घोडे, रथ, पायदळ अशी चारही अंगं चौसष्ट घरांत बसवली, एका प्याद्यात हजारो माणसं मावली आणि दोघांत डाव खेळता येऊ लागला. पेशवाईच्या अखेरच्या काळात, 1814 साली, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरचा ग्रंथ संस्कृतातून इंग्रजीत होऊन मुंबईत छापला गेला. म्हणजे या खेळाचा आपल्याकडचा शास्त्रशुद्ध अभ्यास भीमा-कोरेगावच्या आधीपासूनचा आहे. बुद्धिबळात एक गोष्ट मात्र कधीच आली नाही. पटावर दोघांनाही सगळं दिसतं. खरा सेनापती या सुखाला कायम मुकलेला असतो.

ती उणीव प्रशियाच्या लष्कराने भरून काढली. 1812 मध्ये गेऑर्ग लिओपोल्ड फॉन राइसविट्झने राजापुढे लढाईचा खेळ ठेवला. 1824 मध्ये त्याच्या मुलाने तो सुधारला आणि 1:8000 प्रमाणाच्या नकाशांवर खेळायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंमध्ये एक पंच बसे. सेनापतीने लेखी हुकूम द्यायचा, पंचाने तो किती वेळाने पोचेल ते ठरवायचं, नुकसान फाशांवर काढायचं आणि प्रत्येकाला त्याच्या डोळ्यांना दिसेल तेवढंच सांगायचं. पुढे कोष्टकांचा जाच इतका झाला की 1876 मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ या जर्मन अधिकाऱ्याने कोष्टकं बाजूला सारून अनुभवी पंचाच्या अकलेवर भिस्त ठेवा असं सुचवलं. अमेरिकेत चार्ल्स टॉटन या अधिकाऱ्याने 1880 मध्ये ‘स्ट्रॅटेगोस’ हे युद्धखेळाचं पुस्तक काढलं. ते वेस्लीच्या हाती लागलं तेव्हा त्यातला पंच त्याने उचलला. नियमांत नसलेली चालही खेळाडूला करू द्यावी आणि तिचा निकाल पंचाने द्यावा, ही ब्राउनस्टाइनची सगळी पुंजी तिथली.

आता सुरत.

जुन्या इंग्रजी पंचांगाने तो 5 जानेवारी 1664 चा दिवस. इंग्रज तेव्हा जुनं पंचांग पाळत, आजच्या मापाने त्यात दहा दिवस मिळवायचे. सकाळी शहरात बातमी आली की शिवाजीची फौज दक्षिणेकडे गणदेवीला येऊन पोचली आहे. सभासदाच्या बखरीत सुरतेची खबर आणणारा हेर बहिर्जी आहे आणि सुरत मारली तर अगणित द्रव्य सापडेल हा त्याचा सांगावा आहे. हेराचं म्हणणं खोटं नव्हतं. मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंचं बंदर, इंग्रज आणि डचांशी व्यापार, लाखोंच्या उलाढाली करणारे सावकार. आणि एवढ्या शहराला त्या वेळी धड तटबंदी नव्हती. तापीकाठी किल्ला होता, सोळाव्या शतकात खुदावंद खानाने बांधलेला, पण तो किल्ल्यात शिरणाऱ्यांनाच वाचवू शकणारा.

शहराचा सुभेदार इनायत खान. पाचशे शिपायांचा पगार तो सरकारी खजिन्यातून उचलत असे, पण तेवढे शिपाई त्याने कधी ठेवलेच नव्हते. महाराजांकडून निरोप आला की सुभेदार आणि शहरातले तीन मोठे व्यापारी, हाजी सय्यद बेग, विरजी वोरा आणि हाजी कासीम यांनी जातीने येऊन खंडणी ठरवावी, नाहीतर शहर लुटलं जाईल. खान उत्तर न देता किल्ल्यात जाऊन बसला. ज्यांना लाच देता आली तेही त्याच्यामागून आत गेले. उरलेल्या रयतेपैकी कुणी नदी ओलांडली, कुणी गावं गाठली.

6 तारखेला दुपारच्या सुमारास महाराज शहराबाहेर पोचले आणि बुऱ्हाणपूर दरवाजाजवळच्या बागेत तळ पडला. पुढचे चार दिवस सुरतेत जे घडलं त्याला लढाई म्हणावी का, यावर लष्करी इतिहासकार कुरकुरतील. फौजेसमोर फौज उभी राहिलीच नाही. किल्ल्यातली शिबंदी बाहेर पडू नये म्हणून मराठ्यांनी बंदूकवाले नेमले. किल्ल्यावरून तोफा सुटल्या, पण त्यांनी मराठ्यांपेक्षा शहरातल्याच घरांचं नुकसान केलं. आगी लागल्या. रात्रीसुद्धा शहरात उजेड आणि दिवसा धुराने अंधार, असं वर्णन त्या काळच्या पत्रांत आहे.

लढाई झाली ती तुकड्यातुकड्यांनी, आणि प्रत्येक तुकड्यात नाव घेता येईल असा एकेक माणूस आहे.

इंग्रज वखारीचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्झिंडेन. सुवाळीच्या बंदरात लागलेल्या जहाजांवरून त्याने खलाशी बोलावून घेतले. वखारीत दोनशेच्या आसपास माणसं जमली, तेव्हा ढोल आणि तुतारी वाजवत त्याने शहराच्या रस्त्यांवरून त्यांची मिरवणूकच काढली. लढण्याआधी दिसणं महत्त्वाचं, हे त्याला उमगलेलं होतं. हाजी सय्यद बेगची हवेली इंग्रजांच्या वखारीला लागून होती. मराठे तिथे शिरले तेव्हा आग आपल्याकडे पसरेल या धास्तीने इंग्रज बाहेर पडले, त्यांनी हल्लेखोरांना हुसकलं आणि ती हवेलीच ताब्यात घेतली. शेजाऱ्याच्या घरासाठी झालेली ही चकमक त्या चार दिवसांतल्या मोजक्या समोरासमोरच्या झटापटींपैकी एक.

विरजी वोराची संपत्ती त्या काळच्या परदेशी व्यापाऱ्यांत दंतकथेसारखी होती. ऐंशी लाखांची, असं बोललं जाई. त्याचं घर फोडलं गेलं, लुटलं गेलं आणि जळलं. उलट डचांचा एक दिवंगत दलाल, मोहनदास पारेख, दानशूर म्हणून नावाजलेला होता, म्हणून त्याच्या घराला हात लागला नाही. फ्रान्सिस्कन परंपरेतल्या कापुचिन पाद्र्यांचा मठही राखला गेला. हे दोन्ही तपशील फ्रेंच प्रवासी बर्नियेने नोंदवले आहेत. औरंगजेबाच्या दरबारी निघालेलं हबशी राजाचं शिष्टमंडळही त्याच दिवसांत सुरतेत अडकलं होतं आणि त्याचंही सामान लुटीत गेलं.

अँथनी स्मिथ नावाचा इंग्रज व्यापारी डचांच्या धक्क्यावर उतरला आणि थेट मराठ्यांच्या हाती सापडला. तीन दिवस तो तळावर कैदी होता. पैशासाठी कैद्यांचे हात तोडले जाताना त्याने पाहिलं. शेवटी तीनशे रुपयांवर त्याची सुटका झाली. त्यामुळे झालं असं की मराठी तळाच्या आतलं वर्णन करणारा साक्षीदार इंग्रजांना आयता मिळाला. वखारीचा पाद्री जॉन लेस्कालियो याने 26 जानेवारीला इंग्लंडमधल्या सर टॉमस ब्राउन या लेखक-डॉक्टरला लांबलचक पत्र लिहिलं. महाराजांच्या रूपाचं एक प्रसिद्ध वर्णन त्या पत्रात आहे.

आणि या सगळ्यात तो खंजीर. तहाची बोलणी करायला म्हणून इनायत खानाने एक तरुण माणूस तळावर पाठवला. बोलता बोलता त्याने खंजीर उपसून महाराजांवर झेप घेतली. रक्षकाने त्याचा हात छाटला, तरी झेपेच्या जोराने दोघेही जमिनीवर कोसळले. राजा गेला अशी बोंब उठली आणि कैद्यांना मारून टाका असा ओरडा झाला. महाराज उठले, सरसकट कत्तल थांबवली, पण कैदी समोर आणवले. चौघांची डोकी उडाली, चोवीसजणांचे हात तुटले. स्मिथ त्या रांगेत होता आणि वाचला.

10 तारखेला सकाळी मुघल कुमक येते आहे अशी खबर लागली तशी मराठी फौज निघाली. कुमक खरोखर पोचली ती 17 तारखेला. तेव्हा कुठे इनायत खान किल्ल्याबाहेर आला आणि लोकांनी त्याच्यावर चिखल फेकला. संतापलेल्या त्याच्या मुलाने गर्दीत गोळी झाडली ती एका निरपराध वाण्याला लागली.

ब्राउनस्टाइनशी ताडून पाहिलं तर सुरतेची पात्रं आयती मिळतात. पगार खाणारा सुभेदार, अफाट श्रीमंत सावकार, ढोल वाजवणारा वखारवाला, पत्रं लिहिणारा पाद्री, चुकीच्या धक्क्यावर उतरलेला व्यापारी, परका वकील. मधोमध एक घड्याळ टिकटिकतंय, कुमक कधी येणार. वेस्लीला हे कल्पनेतून उभं करावं लागलं होतं. सुरतेच्या कागदपत्रांत ते तयारच पडलं होतं, त्याच्या तीनशे वर्षं आधी.

वेस्लीच्या त्या डावानंतर काय झालं, तेही पाहायला हवं, कारण मोठ्या लढाया खेळण्याचा प्रश्न तिथे सुटला नाही, उलट आणखी गुंतला. गायगॅक्सने जेफ पेरेनच्या साथीने 1971 मध्ये ‘चेनमेल’ नावाचे मध्ययुगीन लढाईचे नियम छापले. त्यात टेबलावरची एक मूर्ती म्हणजे वीस माणसं. पण मागे जोडलेल्या कल्पनारम्य पुरवणीत नायक एकटा चौघांइतका लढतो आणि महानायक आठांइतका. फौजेचं आणि माणसाचं माप एकाच टेबलावर आलं, तिथेच गाठ पडली. 1974 चा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ उपशीर्षकात स्वतःला युद्धखेळांचे नियमच म्हणवत होता. लढण्यासाठी ‘चेनमेल’ तुमच्याकडे आहे असं त्यात गृहीत होतं. खेळणाऱ्यांनी मात्र फौजा फडताळात ठेवल्या आणि ते तळघरांत शिरले. तळघराच्या बोळात चारच माणसं मावतात, टेबलाभोवतीही चारच असतात. हिशेब सोपा.

अडचण नंतर आली. पात्रं वर्षानुवर्षं खेळून मोठी झाली, नियमांनीच त्यांना गढ्या आणि सैनिक दिले, आणि मग लढाई टाळता येईना. 1976 मध्ये गायगॅक्सने मोठ्या लढायांसाठी वेगळं पुस्तक काढलं, त्यात एक मूर्ती म्हणजे दहा माणसं. 1984 मध्ये फ्रँक मेंट्झरच्या संचात नुसत्या आकडेमोडीची पद्धत आली. दोन्ही फौजांची संख्या, सराव, शस्त्रं, नेतृत्व यांचे गुण काढायचे, त्यात फाशाचा आकडा मिळवायचा, ज्याची बेरीज मोठी तो जिंकला. पुढच्या वर्षी डग्लस नाइल्सने ‘बॅटलसिस्टिम’ आणलं, त्यात पुन्हा टेबलभर मूर्ती.

त्याच 1985 मध्ये ग्रेग स्टॅफर्डने आर्थर राजाच्या कथांवरचा ‘पेंड्रॅगन’ काढला आणि त्याने प्रश्न उलटा धरला. त्याच्या खेळातला सरदार लढाई जिंकवत नाही. फेरीमागून फेरी त्याच्यासमोर कोण येतं आणि तो त्यातून कसा बाहेर पडतो, एवढंच खेळायचं. लढाईचा कल सेनापतींच्या कौशल्यावर आणि फाशांवर ठरतो. धूळ, घोडा, समोरचा भाला आणि मध्येच दिसलेलं निशाण. महाभारतकाराची रीत ती हीच. या लेखाचं मत विचारलं तर, गेल्या पन्नास वर्षांतल्या सगळ्या युक्त्यांत हीच सर्वांत टिकाऊ.

आकडेमोडीच्या पद्धतीला सुरत किती अवघड जाईल ते पाहण्यासारखं आहे. सुभेदाराची फौज किती? दप्तरात पाचशे. गेम मास्टर प्रामाणिकपणे पाचशे लिहील, किल्ल्याचे गुण मिळवील, तोफांचे मिळवील, आणि बेरीज बरी येईल. पण ते पाचशे कागदावरच होते. कोष्टक दप्तरावर विश्वास ठेवतं आणि सुरतेचं सगळं नाट्य दप्तर खोटं असण्यात आहे. खेळाडूला ते कळायचं तर त्याला इनायत खानाच्या खुर्चीत बसवायला हवं आणि पहिल्याच फेरीत पगाराचे पैसे कुठे गेले ते विचारायला हवं. ऑक्झिंडेनच्या मिरवणुकीचंही तसंच. दोनशे माणसांचे गुण ते किती, पण ढोल-तुतारीने त्यांचं वजन वाढलं. त्या मिरवणुकीला फासा कुठला टाकायचा, हे टॉटनच्या पंचालाच कळावं.

आपल्याकडे लहानपणीच मुलं सेनापती होतात, दिवाळीत. माती, दगड, गोणपाट, वर पेरलेले अळीव किंवा मोहरी, आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे. सिंहासनावर महाराज, पायथ्याशी विहीर, बुरुजापेक्षा उंच वाघ. या किल्ल्यांच्या स्पर्धा होतात, काही मंडळी तर राजगड-प्रतापगडाच्या हुबेहूब प्रतिकृती करतात. पण त्यावर खेळ कुणी खेळत नाही. मावळे पहारा देत उभे राहतात आणि शेवटच्या दिवशी सुतळी बॉम्ब लावून किल्ला उडवला की मोहीम संपते. टेबल, मूर्ती आणि गोष्ट हे तिन्ही तयार असताना मराठी घरांत नियम आणि पंच का आले नाहीत, हे कोडंच आहे. एच. जी. वेल्स 1913 मध्ये इंग्लंडात घरातल्या जमिनीवर शिशाचे सैनिक मांडून त्यांच्यासाठी नियमांचं पुस्तक लिहीत होता. आपल्याकडचा बाप मुलाला माती कालवून देत असतो, नियमांच्या भानगडीत पडत नाही.

कदाचित एक कारण असं असेल की आपल्या किल्ल्याचा निकाल आधीच ठरलेला असतो. महाराजांना हरवायची सोय ठेवून खेळ कोण मांडेल? सुरतेच्या डावातही हीच अडचण येते. मराठी पोरांना बागेतल्या तंबूत बसायचं असतं. पण टेबलावर ती खुर्ची सर्वांत कंटाळवाणी आहे, कारण तिथे बसणाऱ्याला बहुतेक गोष्टी माहीत आहेत. रंगत इतरांच्या खुर्च्यांत आहे. शिवाय सुरतेच्या आठवणीचे दोन तुकडे आहेत. महाराष्ट्रात ती स्वारी आहे, स्वराज्याच्या खजिन्याची गोष्ट आहे. सुरतेत ती जळालेल्या शहराची गोष्ट आहे. आजच्या सुरतेतल्या लिंबायत-उधन्याच्या वस्त्यांत राहणाऱ्या खानदेशी मराठी माणसाला दोन्ही बाजूंनी शेजारी भेटतात. पटाभोवती खुर्च्या वाटून बसायचं तर हे सगळं बोलावंच लागेल.

कागदपत्रांनीही बाजू घेतलेली आहे. त्या चार दिवसांचा तपशील मुख्यत्वे इंग्रज आणि डच पत्रांतून येतो, आणि कंपनीच्या नोकरांना लंडनच्या संचालकांना आपण किती शूर ते दाखवायचं होतं. म्हणून ऑक्झिंडेनचा ढोल आपल्याला ऐकू येतो. लुटीनंतर औरंगजेबाने सुरतेच्या व्यापाऱ्यांची वर्षभराची जकात माफ केली, इंग्रज-डचांनाही सवलत दिली. ऑक्झिंडेन 1669 मध्ये सुरतेतच वारला. त्याची आणि त्याचा भाऊ ख्रिस्टोफरची घुमटांची भली मोठी समाधी कतारगाममधल्या इंग्रज दफनभूमीत आजही आहे, एखाद्या नबाबाला शोभेल अशी.

दुसरी सुरत 1670 ची, 3 ऑक्टोबरला सुरू झालेली. आता शहराला तट होता, तरी फार फरक पडला नाही. या वेळी इंग्रज वखारीत स्ट्रेनशॅम मास्टर होता, जवळ मूठभर माणसं घेऊन, आणि त्यानेही ती राखली. तार्तार सराईत काशगरचा पदच्युत राजा अब्दुल्ला खान मक्केहून परत येऊन उतरला होता. सराईसमोर फ्रेंचांची वखार. फ्रेंचांनी मराठ्यांशी वेगळं जुळवून घेतलं आणि आपल्या आवारातून वाट दिली. तार्तारांनी दिवसभर तोंड दिलं, रात्री राजाला घेऊन किल्ला गाठला आणि सराईतली संपत्ती मागे राहिली. खेळाच्या दृष्टीने पाहिलं तर फ्रेंचांची ती एक चाल कुठल्याही हल्ल्याहून मोठी ठरली, आणि ती कुठल्याही फौजेच्या बेरजेत धरता येत नाही.

परतीच्या वाटेवर मात्र खरी मैदानी लढाई झाली. बागलाणातून लूट घेऊन निघालेल्या मराठ्यांना दाऊद खान कुरेशीच्या मुघल फौजेने 17 ऑक्टोबरला वणी-दिंडोरीजवळ गाठलं. लूट पुढे काढून द्यायची आणि मागे राहून शत्रूला अडवून धरायचं, असा तो दिवस. मूर्ती मांडून, मोजपट्टी लावून खेळायची तर ही लढाई. इथे कोष्टकं चालतील, ‘चेनमेल’ही चालेल.

पण तिचीही आठवण आपल्याकडे आली ती एका माणसाच्या डोळ्यांनी. बुऱ्हाणपुरात जन्मलेला भीमसेन सक्सेना दाऊद खानाच्या फौजेबरोबर होता आणि पुढे त्याने फारसीत आपला वृत्तांत लिहिला. त्यात आघाडीवरचा इखलास खान आहे, टेकाडावर चढताच मराठे समोर दिसल्याबरोबर मागची फौज यायची वाट न पाहता तुटून पडलेला आणि जखमी होऊन घोड्यावरून कोसळलेला. मागून धापा टाकत आलेला दाऊद खान आहे, हत्ती आणि सामानसुमान सांभाळायला मागे ठेवलेली मंडळी आहेत. लढाईचा नकाशा काढायचा तर इतिहासकारांना हे तुकडे जोडत बसावं लागतं.

डिसेंबरात मराठी फौज वऱ्हाडात कारंज्यापर्यंत गेली आणि तिथेही शहर लुटून परतली. कारंजंही श्रीमंत, तिथेही सावकार आणि हवेल्या. पण तिथे ना इंग्रजांची वखार होती, ना डचांचा धक्का, ना इंग्लंडातल्या मित्रांना लांब पत्रं लिहिणारा पाद्री. कारंज्याचा डाव मांडायला बसलेल्या गेम मास्टरला पात्रांची नावं स्वतःच घालावी लागतील.